गंजीतली रिकामी जागा

आश्विन वद्य द्वादशी, वाघबारस. सन १९३६. मुक्काम डोळखांबच्या अलीकडची आमची गवताची वखार, तालुका शहापूर. हजर: मी, माझा धाकटा दीर केशव, गंजी रचणारा सोमा, त्याची बायको बुधी, पाड्यावरच्या भारे वाहणाऱ्या बाया आणि दोर ओढायला बोलावलेले गडी. गैरहजर: आमचे यजमान. ते गवताच्या गाठी घेऊन खर्डी स्टेशनावर गेले होते.

आणखी कोण हजर होतं, ते मला अजून मांडता आलेलं नाही.

काम सुरू करण्याआधी हजेरी घ्यायची ही माझी सवय वडिलांकडून आली. ते मुरबाडला शाळामास्तर होते. लग्न होऊन इकडे आले तेव्हा वखारीत बाई उभी राहून काम वाटते याचं लोकांना हसू यायचं. पुढे हसायला कुणाला सवड उरली नाही, कारण हजेरी झाली की मी प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यायची: कुणाला विळा, कुणाला दोर, कुणाला पाण्याचा हंडा.

त्या वर्षाला आता दहा वर्षं झाली. मध्ये लढाई येऊन गेली, रॉकेलला रांगा लागल्या, कापडाला चिठ्ठ्या आल्या. डोंगराला त्यातलं काही कळलेलं दिसत नाही. पाऊस ओसरला की तो तसाच हिरव्याचा पिवळा होतो आणि पिवळ्याचा तांबूस. आमच्याकडे गवत आधी ऐकू येतं, मग दिसतं. वाळू लागलं की ते बोलू लागतं. वारा पडलेला असतानाही कमरेएवढ्या गवतातून कुणी सरकत गेल्यासारखा आवाज येतो. नवीन माणूस थांबतो, वळून बघतो. जुना माणूस बघत नाही. तो फक्त विळा या हातातून त्या हातात घेतो.

सकाळी भातसेच्या खोऱ्यात धुकं भरतं आणि वखारीच्या आवारापर्यंत चढून येतं. गंज्यांचे पाय त्यात बुडतात. डोक्यावरून पदर घेऊन, आपल्याकडे पाठ करून बसलेल्या बायकांसारख्या त्या दिसतात. मी इतकी वर्षं त्यांच्यातून जा-ये करते. तरी धुक्यात एखादीच्या जवळून जाताना ती आता मान वळवेल की काय, असं वाटून पाऊल जरा पटकन पडतंच.

मुंबईच्या तबेल्यांतली घोडी आणि म्हशी तेव्हा आमच्या डोंगरावर जगायच्या. गवत कापायचं, वाळवायचं, वखारीत आणून त्याच्या गंज्या रचायच्या, मग यंत्रात दाबून गाठी बांधायच्या आणि बैलगाडीने खर्डीला पोचवायच्या. ऐकायला सोपं. पण गवताला एक खोड आहे. ओलं राहिलं आणि दाबून रचलं, तर ते आतून तापतं. कुणी काडी न लावता तापतं. बाहेरून हात लावा, गार लागेल. आत काय चाललंय ते गंजी कुणाला सांगत नाही, आणि सांगते तेव्हा ती पेटलेली असते.

म्हणून गंजी रचताना मध्यभागी जागा सोडायची. दगडी जोत्यावर तुसाने भरलेलं एक जाड गोणपाट उभं करायचं, त्याच्याभोवती गवत रचत जायचं, आणि गवत चढेल तसं गोणपाट वर ओढायचं. गंजी पुरी झाली की ते काढून घ्यायचं. मागे खालपासून वरपर्यंत एक पोकळी राहते, माणूस अंग चोरून उतरेल एवढी. तिच्यातून गवताची वाफ निघून जाते. पाऊस आत जाऊ नये म्हणून वर पळसाच्या पानांचं छत्र, आणि छत्राखाली फट. पाड्यावरची माणसं त्या पोकळीला देवाची जागा म्हणतात.

नवीन लग्न झालेली असताना मी सोमाला विचारलं होतं, "एवढी जागा फुकट जाते. आत देव येऊन बसतो का?"

"बसत नाय वयनी," तो म्हणाला. "जातो-येतो. बसायला त्याला कुठं येळ हाय? तुमच्यावानीच हाय त्येचं."

बुधी भारा टाकता टाकता म्हणाली, "तुमच्यावानी असता तर त्यानं आपल्याला बी कामाला लावलं असतं."

गंजी पुरी झाल्यावर एक काम उरायचं. रचणाऱ्याने शिडीवर उभं राहून पोकळीत तोंड घालायचं आणि हाक द्यायची: "कोण हाय?" मग थांबायचं. त्यात व्यवहार होता. खेळता खेळता एखादं पोर आत उतरलेलं असायचं, मांजर व्यालेलं असायचं. शिवाय पोकळी खालपर्यंत मोकळी असेल तर आवाज गोल होऊन परत येतो, मध्ये गवत ढासळलेलं असेल तर जागीच मरतो. पण सोमा ती हाक व्यवहाराने देत नसे. आधी डोक्याचं फडकं काढायचा. हाक दिल्यावर किती थांबायचा, ते मला ठाऊक आहे, कारण तेवढा वेळ सगळं आवार थांबलेलं असायचं. चाळीस माणसांचं काम अडवून उभा राहिलेला तो म्हातारा बघून माझे पाय नुसते चुळबुळ करायचे.

देवाशी माझं भांडण कधीच नव्हतं. वेळेचं होतं. सकाळी दिवा लावताना माझ्या डोक्यात बैलांची वाटणी चाललेली असायची. हात जोडताना मनात यायचं, दोराचं भेंडोळं काल कुणी नेलं? मुरबाडला वडील रोज संध्याकाळी ओट्यावर बसत. पुस्तक नाही, जपमाळ नाही, बोलणं नाही. आई आतून म्हणायची, "बसले बघा वारा खात. इथं पाणी भरायचं पडलंय." वडील म्हणायचे, "भरतो की. घरात वारा खेळता राहावा म्हणून खिडकी ठेवतेस ना? तशीच ही." आईला ते पटलं नाही. मलाही नाही. म्हसाच्या जत्रेहून आणलेल्या घोंगडीवर ते मांडी घालून बसलेले असत, आणि अंधार होत आला की त्यांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढऱ्या टोपीचा ठिपका उरत असे. लहानपणी मला त्या वेळी त्यांच्या जवळ जायची भीती वाटायची. ते एकटे बसले आहेत असं वाटत नसे.

त्या वर्षी परतीचा पाऊस उगाच रेंगाळला. गेला म्हणावं तर दुपारी येऊन कापलेल्या गवतावर शिंपडून जायचा. आम्ही वाळवलं, पुन्हा भिजलं, पुन्हा वाळवलं. कोजागिरीच्या सुमारास मधली मोठी गंजी उभी राहिली. तिच्या एका अंगाला बाकीच्या गंज्या, दुसऱ्या अंगाला पाड्याची पेंढ्याने शाकारलेली घरं. सोमाने फडकं काढलं, शिडीवर चढला, हाक दिली.

मग तो थांबला. नेहमीसारखाच. पण उतरला तो नेहमीसारखा नाही. एक एक पायरी चाचपत उतरला, अंधारात उतरावं तसा, आणि उन्हं तर डोक्यावर होती. फडकं हातातच राहिलं.

"काय रे, आवाज आला ना परत?" मी विचारलं.

"आला."

"मग?"

तो पाड्याच्या वाटेला लागला. दुसऱ्या दिवशी बघते तो गंजीच्या माथ्यावर छत्राखालची फट बुजवलेली. सागाची पानं, त्यावर चिखलाचा गिलावा, त्यावर एक गुळगुळीत दगड, आणि दगडाला शेंदूर. सोमा आणि पाड्यावरची दोन जाणती माणसं नारळ फोडून खाली येत होती.

"देव बसलाय आत," सोमा म्हणाला. "त्येला झाकलं."

बुधीने नाक मुरडलं. "काल म्हणत व्हता जातो-येतो. आज बसला. उद्या जेवाया मागंल."

मला वाटलं, बरं झालं, पाऊस आत जाणार नाही. आणि मी खर्डीच्या गाड्यांच्या मागे लागले.

पुढचे दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. दव. सकाळी सगळ्या गंज्या दवाने ओल्या, आणि मधलीचा माथा कोरडा. आवारातली कुत्री थंडीची तिला पाठ लावून झोपायची. मग एके सकाळी ती सगळी लांब विहिरीजवळ जाऊन झोपलेली. वास. आधी गोड, मोहाची फुलं उकडल्यासारखा, इतका गोड की बाया जाता जाता श्वास भरून घ्यायच्या. पुढे त्या गोडात तंबाखूचा कडवटपणा शिरला. कावळे आजूबाजूला बसत, तिच्यावर बसत नसत. आणि एका दुपारी, भर उन्हात, तिच्या बुडातून उंदीर बाहेर पडू लागले. पळत नव्हते. एकामागून एक, निवांत चालत, घर सोडून निघालेल्या माणसांसारखे. त्यांच्यामागून एक धामण आली. तिने उंदरांकडे बघितलं नाही, उंदरांनी तिच्याकडे बघितलं नाही. सगळे एकाच दिशेने गेले.

बुधी माझ्या शेजारी उभी होती. तिला नेहमी काहीतरी बोलायला असे. त्या वेळी तिने पाय मागे घेऊन उंदरांना वाट दिली.

वाघबारशीची सकाळ. पाड्यावरची माणसं वाघोबाच्या खांबाकडे निघायच्या बेतात होती, नारळ, शेंदूर, कोंबडं घेऊन. धुकं होतं. केशवने लोखंडी सळई गंजीत खोलवर खुपसली, थोडा वेळ ठेवली आणि ओढून काढली. तिचं टोक त्याने हातात धरलं आणि लगेच सोडलं. सळई दगडावर पडली. त्या आवाजाने सगळे वळले.

"वयनी," तो म्हणाला, "आत इंगळ झालाय."

माझ्या लग्नात हा केशव चार वर्षांचा होता. आई नसलेला. मांडवात माझ्याच मांडीवर झोपला आणि पुढे माझ्याच हाताखाली वाढला. त्याचं लग्न ठरलं होतं, मुरबाडचीच मुलगी, तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त. सगळ्या बाया त्याला हळदीवरून चिडवायच्या.

बाजू फोडून गवत उपसावं तर वारा घुसतो आणि आतला इंगळ भडकतो. ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भडकला तर शेजारच्या गंज्या आणि पाडा, दोन्ही जाणार. वाट एकच. वरचं झाकण काढायचं, पोकळीतून एकाने खाली उतरायचं आणि तापलेला गाभा पाट्यांनी वर पाठवायचा. वर येईल तो विझवायचा. रचणाऱ्याने उतरायचं ही रीत. सगळ्यांनी सोमाकडे बघितलं.

सोमा जमिनीवर बसला. "मी नाय जानार," तो म्हणाला. "मला त्या दिशी कळलंय."

"काय कळलं? उत्तर आलं व्हतं का?" केशवने विचारलं.

"उत्तर आलं असतं तर बरं झालं असतं रे. आवाज परत आला, आन मग शांत झालं. पन ती शांतता रिकामी नव्हती. कोनीतरी ऐकत व्हतं. मी पुढं काय बोलतो म्हणून थांबलं व्हतं." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "जनमभर हाक मारली. कोनी ऐकंल असं मला कधी वाटलंच नव्हतं वयनी."

केशवने अंगरखा काढला. ओलं गोणपाट खांद्यावर घेतलं, कमरेला दोर बांधला. मी नको म्हणाले नाही. कुणीतरी उतरायलाच हवं होतं आणि अंग चोरून उतरेल असा तोच होता. बुधी रडवेल्या तोंडाने म्हणाली, "नवरदेवा, हळद लावायच्या आधी काळा होऊन येऊ नको हां. पोरगी नको म्हनंल."

"मग तुझ्याशीच लगीन लावीन म्हातारे."

"माझा नवरा जिता हाय अजून. भित्रा हाय, पन जिता हाय."

सोमासुद्धा हसला, आणि उठून त्याने दोर हातात घेतला.

माथ्यावरचा दगड काढला, गिलावा फोडला, छत्र बाजूला केलं. आतून वाफेचा लोट आला आणि त्याबरोबर एक आवाज, लांबलेला, खोल. श्वास धरून ठेवलेला माणूस सोडतो तसा. धुक्यात उभ्या असलेल्या बाया एक पाऊल मागे सरल्या. केशव पोकळीच्या कडेला बसला, पाय आत सोडले आणि दिसेनासा झाला.

पाटीच्या दोराला दोन हिसके म्हणजे पाटी भरली, असं ठरलं होतं. गडी पाटी वर ओढायचे, शिडीवरून खाली द्यायचे, बाया ती दगडावर पालथी करून तिच्यावर पाणी ओतायच्या. पहिल्या पाटीतलं गवत तपकिरी होतं. नंतरचं काळं. पाणी पडलं की ते फुत्कारायचं. मी रांगा लावल्या होत्या, हंडे भरून ठेवले होते, पाड्याची पोरं आणि गुरं लांब पाठवली होती, खर्डीला माणूस धाडला होता. आणि मग अशी एक घटका आली की माझ्याकडे काम उरलं नाही. जे करण्यासारखं होतं ते सगळं झालं होतं. ज्याला त्याला जे द्यायचं ते दिलं होतं. माझे हात रिकामे होते.

असं माझ्या आयुष्यात आधी झालं नव्हतं. मुलं झाली तेव्हाही मी पडल्या पडल्या कामं सांगत होते.

मी वर बघितलं. "केशव!" हाक मारली. ओ आली नाही.

"हिसके येतायत वयनी," वरून सोमा म्हणाला. "पाटी भरतोय त्यो. धुरात तोंड उघडत नसंल."

पाट्या येत होत्या. आधीपेक्षा लवकर लवकर येत होत्या. बायांना पाणी पुरवेना. आणि मी तिथे नुसती उभी. देवाला म्हणावं तर काय म्हणावं ते सुचेना. रोज म्हणायचे ते श्लोक तोंडात आले आणि वाळल्या पानांसारखे गळून गेले. नवस बोलावा तर तोही सौदाच, तोही कामच. मला वडील आठवले, ओट्यावरचे, चेहऱ्याच्या जागी अंधार असलेले. मी जोत्याच्या दगडावर बसले. हात मांडीवर उलटे ठेवले. काही मागितलं नाही. एवढंच मनात होतं की आत माझं पोर आहे आणि मी इथे आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये जे कोण असेल त्याला हे ठाऊक आहे.

सोमा म्हणाला होता तेच झालं. ती शांतता रिकामी नव्हती. आवारात पाण्याचा फुत्कार, बायांची धावपळ, दोराचं करकरणं सगळं चालू होतं आणि त्याच्या आत, गंजीच्या आत पोकळी असावी तशी, एक जागा गप्प होती. तिथून माझ्याकडे कुणीतरी लक्ष देत होतं. मायेने की कशाने, ते मला सांगता येणार नाही. अंगावर काटा आला एवढं खरं. लोक म्हणतात देव जवळ आला की बरं वाटतं. मला बरं वाटलं नाही. मला बघितलं गेल्यासारखं वाटलं. पण उठून पळावंसंही वाटलं नाही.

शेवटची पाटी वर आली. तिच्यातलं गवत काळं नव्हतं. पिवळं होतं, गार होतं, आणि त्याच्यावर दव होतं. बुधीने मूठभर उचलून मला दाखवलं. पाणी ओतायला बाकीच्या बायांचे हात वर गेले होते, ते तसेच राहिले.

"ओढा!" मी ओरडले. "आता त्याला ओढा!"

केशव वर आला तो दोराला लोंबकळत, मान छातीवर. भुवया जळालेल्या, अंगभर काजळी. त्याला खाली आणून निजवलं, तोंडावर पाणी मारलं. पहिल्यांदा तो खोकला. मग डोळे उघडून बघितलं, सोमाकडे.

"सोमाबाबा, तू कधी वर आलास?"

"मी? मी कुठं गेलो व्हतो?"

"खाली. तूच तर भरत व्हतास." त्याला धाप लागत होती. "मी दोन-तीन पाट्या भरल्या. मग डोळ्याम्होरं अंधारी आली, भिताडाला टेकून बसलो. पाटी खाली यायची आन भरून जायची. मला वाटलं, सोमाबाबा उतरला. धुरात दिसत नव्हतं. पन कोनतरी माझ्यापुढनं वाकून गवत घेत व्हतं. गरम वारा लागायचा, आन कोनी पुढं आलं की लागायचा नाय."

सोमाने हातातला दोर खाली ठेवला. त्याच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. तो सगळा वेळ वर होता. ते सगळ्यांनी बघितलं होतं.

बुधी उठली, केशवच्या गालावरची काजळी पदराने पुसली आणि म्हणाली, "झालास काळा. बघू आता मुरबाडवाली काय म्हनते."

वाघोबाला नारळ त्या दिवशी दुपार टळल्यावर फुटला.

मी व्यवहारी बाई आहे. धुराने डोकं हलकं होतं हे मला ठाऊक आहे. सवयीचे हात माणसाला न विचारता काम करतात, हेही ठाऊक आहे. मी स्वतः अर्ध्या झोपेत कितीदा भाकऱ्या थापल्या आहेत. जोत्याजवळचं गवत गार राहतं, दगडाला घाम येतो, त्याचं दव होतं. कामाच्या दिवशी मी हे सगळं मानते आणि पुढे जाते. पण वाघबारस आली, धुक्यात गंज्यांचे पाय बुडाले, की मला केशवचं ते शेवटचं वाक्य ऐकू येतं. कोनी पुढं आलं की गरम वारा लागायचा नाय. हात सवयीने पाटी भरतील. पुढे कोण उभं राहील?

त्या दिवसानंतर मी रोज थोडा वेळ रिकामी बसते. माझ्या सुना हसतात. "आत्याबाई वारा खातायत." खाऊ देत. मी काही मागत नाही, फारसं बोलतही नाही. दिवस ओल्या गवतासारखा असतो. एकावर एक रचत गेलं, मध्ये जागा सोडली नाही, की बाहेरून गार दिसणारं माणूस आतून कधी धुमसू लागतं ते त्याचं त्यालाही कळत नाही. आणि त्या रिकाम्या जागेवर भीतीने दगड ठेवला, त्याला शेंदूर फासला, तरी ती जागा बुजलीच. सोमाने ते भक्तीनेच केलं होतं. हे मला अजून सगळ्यात अवघड वाटतं.

विश्वास म्हणजे भीती जाणं, असं मी पूर्वी समजत होते. माझी गेली नाही. फक्त आता मी भीत भीत का होईना, जागा मोकळी ठेवते.

सोमा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याने पुढे गंज्या रचल्या, पोकळ्याही नीट सोडल्या, पण हाक पुन्हा कधी दिली नाही. त्याच्या आधी त्याचा बाप द्यायचा, त्याच्या आधी बापाचा बाप. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले तेव्हा म्हणाला, "वयनी, मी तोंड फिरवलं. ऐकनारा असूनशान मी बोललो नाय. आता तुमी हाक द्या. तुमाला वाटनी करायची सवं हाय. ही माजी वाटनी तुमी घ्या."

"मला कुठे वेळ आहे सोमा?" मी म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. त्याला हसताना खोकला आला.

केशव आता खर्डीला राहतो, स्टेशनच्या मालधक्क्यावर काम करतो. मुरबाडवालीने त्याला काळा असूनही पत्करलं. परवा तो येऊन गेला. आवारात फिरला, नव्या गंजीला हात लावून बघितला आणि मला म्हणाला, "सगळी कामं आटपली का वयनी?"

"आटपली."

"सगळी?"

मी त्याला चहा दिला.

आज वाघबारस. हजर: मी. बाकीची माणसं वाघोबाच्या खांबाकडे गेली आहेत. दुपार उतरू लागली आहे. गवत कापून झालं, वाळवून झालं, गंजी पुरी झाली, गोणपाट ओढून काढलं, छत्र चढवलं, फट सोडली. सळई घालून बघितली, गार आहे. दोर गुंडाळून ठेवले. हंडे भरले. वारा पडला आहे, तरी वरच्या अंगाला उभ्या गवतातून कुणी सावकाश येत असल्यासारखा आवाज येतो आहे. मी वळून बघितलेलं नाही.

हाक द्यायला वेळ लागत नाही. तिच्यानंतर थांबायला लागतो.

शिडी गंजीला लावलेली आहे. तेवढं एक काम राहिलं आहे.